तख्त पालटलं, बांध तिथंच

(सिंधुदुर्गनगरी, ओरोस येथे तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोलताना सुटलेले दोनचार मुद्दे लिहिताना घातले आहेत.)



आजचा विषय पत्रिकेवर मोठा भारदस्त छापलाय : 'बलाढ्य राष्ट्रे आणि परदेशातील सत्ताबदल'. सकाळी ओरोस तिठ्यावर चहा पीत होतो. शेजारी ओळखीचे एक गृहस्थ होते. पत्रिका वाचून ते हसले. म्हणाले, तुमच्या वाडीत पावसात धड चालत जाता येत नाही आणि तुम्ही अमेरिकेचा हिशोब मागायला निघालात?

मी म्हटलं, होय, निघालोय. कारण माझा मावसभाऊ दोह्यात एसी दुरुस्त करतो. जून २०२५ मध्ये इस्राएलने आणि मागून अमेरिकेने इराणवर बॉम्ब टाकले, इराणने कतारमधल्या अमेरिकन तळावर क्षेपणास्त्रं सोडली, त्या रात्री माझी मावशी फोन उशाशी घेऊन बसली होती. तिला जागतिक राजकारण कळत नाही असं म्हणायची कोणाची छाती आहे? १९९० साली सद्दामने कुवेत गिळला तेव्हा सुमारे एक लाख सत्तर हजार भारतीय विमानांनी परत आणावे लागले. त्यांत कोकणातली पोरं होती. ती अंगावरच्या कपड्यानिशी आली. तेव्हा परदेशातलं तख्त पालटणं ही आपल्यासाठी पेपरातली बातमी नाही. आपल्या घरातली मनीऑर्डर त्याला बांधलेली आहे.

पण आज मी बोलणार आहे ते या कारणासाठी नाही. मागच्या बैठकीत एका पोराने मला एक प्रश्न विचारला. त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही. मी मोठ्या आवाजात काहीतरी बोललो आणि वेळ मारून नेली. घरी जाताना माझीच मला लाज वाटली. तो प्रश्न असा होता :

'दादा, आपण एक जानेवारीला कोरेगावच्या स्तंभाला मानवंदना देतो. पेशवाई कोणी बुडवली? सातासमुद्रापलीकडून आलेल्या कंपनीने. म्हणजे परक्याने येऊन इथली सत्ता पाडली आणि आपण त्याची जयंती करतो. मग अमेरिकेने इराकात तेच केलं तर आपण निषेध कुठल्या तोंडाने करायचा?'

प्रश्न खरा आहे. त्याला टाळता येत नाही. जो आपल्याच घरातल्या प्रश्नाला घाबरतो त्याने दुसऱ्याच्या घरावर भाषण देऊ नये. म्हणून कोरेगावपासूनच सुरू करू.

१ जानेवारी १८१८. कॅप्टन स्टाँटनची तुकडी सारी मिळून आठशेच्या आसपास. समोर दुसऱ्या बाजीरावाचं अठ्ठावीस हजारांचं सैन्य, त्यांतले काही हजार प्रत्यक्ष लढले. भीमेकाठी दिवसभर पाण्यावाचून लढाई झाली. कंपनीच्या बाजूने पडलेल्यांची नावं स्तंभावर आहेत आणि त्यांत 'नाक' शेवटी असलेली नावं बावीस आहेत. ही आपली माणसं. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब त्या स्तंभापाशी गेले, ते या नावांसाठी. ज्या राज्यात आपल्या सावलीचा विटाळ होत होता त्या राज्यापुढे आपला माणूस बंदूक घेऊन उभा राहिला, मागे हटला नाही. मी त्या नावांपुढे वाकतो. उद्याही वाकेन. त्यात माझ्या मनात कसलीही शंका नाही.

पण मित्रांनो, स्तंभ वाचून आपण परत फिरतो. पुढचं पान वाचत नाही. ते आज वाचू.

त्याच वर्षी जूनमध्ये बाजीराव शरण आला. कंपनीने त्याचं काय केलं? वर्षाला आठ लाख रुपये तनखा देऊन गंगेकाठी बिठूरला बसवला. १८५१ साली मरेपर्यंत तो तनखा चालू होता. कोरेगावात ज्याच्या छातीत गोळी गेली त्या शिपायाच्या घरी काय गेलं असेल, त्याची तुलना तुम्हीच करा. एल्फिन्स्टन साहेब हुशार. त्याने इनामं फारशी हलवली नाहीत. पेशव्यांच्या काळी ब्राह्मणांना मिळणाऱ्या दक्षिणेचा पैसा बंद केला नाही. १८२१ साली पुण्यात संस्कृत पाठशाळा काढून दिली. का? कारण राज्य पाडायला बंदूक लागते, चालवायला कारकून, कुलकर्णी, देशमुख लागतात. आणि ते ज्यांच्याकडे होते त्यांच्याशी नवा साहेब जुळवून घेतो. गावचा बांध होता तिथंच राहिला. विहीर होती तिथंच राहिली. १८५६ साली, म्हणजे पेशवाई जाऊन अडतीस वर्षं झाल्यावर, धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. सरकारने नाही म्हटलं. सरकार कोणाचं? इंग्रजाचं.

आणि पलटण? जिच्यासाठी रक्त सांडलं ती पलटण? १८९२-९३ च्या सुमारास साहेबाने ठरवलं की अमुक जाती लढवय्या आणि अमुक नाहीत. महारांची भरती बंद. ज्यांनी कोरेगाव राखलं ते लढवय्ये नाहीत! त्याविरुद्ध अर्ज लिहायला बसला तो आपल्याच कोकणातला माणूस, रावदळचा गोपाळबाबा वलंगकर. स्वतः पलटणीतून निवृत्त झालेला. लढाईच्या वेळी आपण शूर आणि गरज सरल्यावर आपण अस्पृश्य. वापरून झालेल्या चुलीतल्या राखेसारखं झाडून टाकलं.

इथं कोणी म्हणेल, मग इंग्रजांनी काहीच दिलं नाही का? दिलं. खोटं बोलायचं नाही. पलटणीच्या शाळा होत्या म्हणून रामजी सुभेदार शिकले आणि शिकवणारे झाले. जोतिबांना पुण्यात शाळा काढता आली ती पेशवाईत काढता आली नसती. दार किलकिलं झालं होतं. पण ते आपल्यासाठी म्हणून उघडलेलं नव्हतं. आपल्या लोकांनी त्या फटीत पाय घातला आणि पाय चिरडला तरी काढला नाही. श्रेय पायाचं आहे.

हा सगळा हिशोब आपल्या वतीने एका माणसाने मांडून ठेवलाय. १९३० साली लंडनला पहिल्या गोलमेज परिषदेत बाबासाहेब उभे राहिले. समोर इंग्रज प्रधानमंत्री, बाजूला संस्थानिक, हिंदू पुढारी. तिथं त्यांनी विचारलं की इंग्रज यायच्या आधी आम्हांला गावची विहीर बंद होती, आता खुली झाली का? देऊळ बंद होतं, आता? पोलीस, लष्कर? मग म्हणाले की अस्पृश्यांनी आपली सुटका करणारा म्हणून इंग्रजाचं स्वागत केलं होतं, पण दीडशे वर्षांत आमच्या जखमा तशाच उघड्या आहेत. आम्हांला लोकांचं राज्य हवं. हे कोण बोलतंय? जो तीन वर्षांपूर्वी स्तंभापाशी जाऊन आला होता, तोच. त्याला दोन्ही गोष्टी एकाच वेळी दिसत होत्या : आपल्या शिपायाचं शौर्य आणि साहेबाचा स्वार्थ. आपल्याला एकच दिसते, म्हणून त्या पोराचा प्रश्न आपल्याला अडवतो.

आता पुण्याहून खाली आपल्या घाटाखाली येऊ.

हा जिल्हा १ मे १९८१ ला झाला. त्याआधी हे सारं रत्नागिरीत. आणि त्याच्याही आधी? मालवणचा सिंधुदुर्ग इंग्रजांनी १७६५ साली एकदा घेतला होता, त्याला आपलं नावसुद्धा देऊन टाकलं होतं, फोर्ट ऑगस्टस. १८१२ साली मालवण कोल्हापूरकरांकडून आणि वेंगुर्ला सावंतवाडीकरांकडून कायमचं घेतलं. कारण काय सांगितलं? समुद्रावर चाचेगिरी चालते, व्यापाराला धोका आहे. १८३८ साली सावंतवाडीचा कारभार कंपनीने हातात घेतला. कारण? राजाला राज्य चालवता येत नाही, अंदाधुंदी आहे. तो खेमसावंत चांगला राज्यकर्ता होता असं मी म्हणत नाही. पण शब्द बघा. 'व्यापाराची सुरक्षितता', 'अंदाधुंदी', 'लोकांच्या भल्यासाठी'. आज टीव्हीवर कोट-टाय घालून जे बोलतात त्यांनी हे शब्द कुठून आणले असं तुम्हांला वाटतं? मालवण बंदरात दोनशे वर्षांपूर्वी ते उतरून गेलेत.

१८४४ साली सावंतवाडीत आणि कोल्हापुरात बंड झालं. फोंडसावंत तांबुळकर उठले, राजाचा मुलगा त्यांना मिळाला, मनोहरगडावर तोफा चालल्या, १८४५ उजाडता गड पडला आणि बंडवाले गोव्यात पोर्तुगीजांच्या आश्रयाला पळाले. इंग्रजाविरुद्धचं बंड म्हणून त्याला सलाम आहेच. पण जिंकले असते तर आमच्या वाडीचं काय झालं असतं, हे विचारायचा हक्क मी कोणासाठी सोडणार नाही. परक्याचं राज्य वाईट म्हणून घरच्या सरंजामदाराचं राज्य चांगलं होत नाही. माझी आजी म्हणायची, 'सायब इलो, सायब गेलो, बांध थयच रवलो.' तिला मला आज जे सांगायचंय ते सगळं ठाऊक होतं.

आता इराक घेऊ. तुम्हांला वाटतं तिथला सत्ताबदल २००३ ला पहिल्यांदा झाला. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी इराकवर सैन्य धाडलं. कोणाचं? पुण्याची सहावी डिव्हिजन. तिच्यात १०३, ११०, ११७ नंबरच्या मराठा पलटणी. घाटावरची, कोकणातली शेतकऱ्यांची पोरं. कूटला वेढ्यात अडकली, उपासमार झाली, घोडे मारून खायची पाळी आली, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. मग नवं सैन्य आलं आणि मार्च १९१७ मध्ये बगदाद घेतलं. जनरल मॉडने जाहीरनामा काढला की आम्ही विजेते म्हणून नाही, तुमची सुटका करायला आलो आहोत. तीन वर्षांनी, १९२० साली, ती सुटका झालेली जनता बंड करून उठली. तिच्यावर विमानांतून बॉम्ब टाकले. १९२१ ला बाहेरून एक राजा आणून तख्तावर बसवला. तेल होतं ना खाली.

२००३ सालची गोष्ट मी ऐकलेली नाही, पाहिलेली आहे. मी तेव्हा मुंबईला, वरळीच्या चाळीत, काकाकडे राहत होतो. ९ एप्रिलला बगदादच्या चौकात सद्दामचा पुतळा दोर लावून पाडला, ते चाळीतल्या एकमेव रंगीत टीव्हीवर आम्ही वीसेकजण बघत होतो. पुतळा पडला तेव्हा मी टाळी वाजवली. होय, मी. हुकूमशहाचा पुतळा पडतो तेव्हा कोणत्या दबलेल्या माणसाला बरं वाटणार नाही? माझ्या मनात आमच्या गावच्या चावडीवरचे चेहरे येत होते. वाटलं, असंच एकदा कोणीतरी रणगाडा घेऊन यावं आमच्याही गावात.

काका गिरणीतून घरी बसवलेला माणूस. तो एकच म्हणाला : 'दोर कोणाच्या गाडीला बांधलाय ते बघ.'

मी बघितलं. अमेरिकन लष्कराच्या गाडीला.

सद्दामबद्दल माझ्या मनात काडीची दया नाही. १६ मार्च १९८८ ला हलब्जा गावात त्याने कुर्दांवर विषारी वायू सोडला, हजारो बायापोरं रस्त्यात मेली. पण तेव्हा अमेरिका कोणाच्या बाजूला होती? त्याच्याच. १९८३ च्या डिसेंबरात त्यांचा माणूस रम्सफेल्ड बगदादला जाऊन त्याचा हात हातात घेऊन आला होता. तोच रम्सफेल्ड २००३ ला संरक्षणमंत्री. कुर्द मरत होते तेव्हा हुकूमशाही दिसली नाही. पंधरा वर्षांनी अचानक दिसली. संहारक शस्त्रं आहेत म्हणून युद्ध केलं, ती सापडली नाहीत. इराकची फौज एका हुकुमाने मोडली, बंदुकीसकट लाखो माणसं बेकार केली. मग जे पेटलं त्यात नुसत्या नोंद झालेल्या नागरिकांच्या मृत्यूंचा आकडा एक लाखाच्या वर गेला.

आपल्या देशातही तेव्हा वाद झाला, तो आठवा. एप्रिल २००३ मध्ये लोकसभेने ठराव केला. त्यात शब्द किती कडक वापरायचा यावर घासाघीस झाली. मग अमेरिकेने आपल्याकडे फौज मागितली. दिल्लीतले काही शहाणे म्हणत होते, पाठवा, मोठ्यांच्या पंगतीत पान मिळेल. जुलैमध्ये सरकारने नकार दिला. बरं झालं. नाहीतर कूटच्या वाटेवर पुन्हा कोणाची पोरं गेली असती? पंगतीत बसणाऱ्यांची नसती गेली.

तुम्ही म्हणाल, इराक हा अपवाद. मग यादी घ्या. १९५३, इराण. मोसादेक हा निवडून आलेल्या संसदेचा पंतप्रधान. त्याने तेल राष्ट्राच्या मालकीचं केलं म्हणून अमेरिका-इंग्लंडने कट करून पाडला, शहाला बळकट केला. सत्तर वर्षांच्या आत त्याच इराणला लोकशाही शिकवायला तेच निघाले. १९७३, चिली. ११ सप्टेंबरला आयेंदेचं निवडून आलेलं सरकार लष्कराने पाडलं, त्याआधी तीन वर्षं अमेरिकेने त्याची आर्थिक नाकेबंदी केली होती. पिनोशे आला आणि सतरा वर्षं बसला. २०११, लिबिया. गद्दाफी मारला गेला. देशाचे तुकडे झाले आणि २०१७ ला जगाने बघितलं की तिथं काळ्या आफ्रिकन माणसांचा लिलाव चाललाय. एकविसाव्या शतकात माणसांचा बाजार! २००१, अफगाणिस्तान. बायकांची सुटका करायला गेलो म्हणाले. वीस वर्षांनी, १५ ऑगस्ट २०२१ ला, काबूल ज्यांच्याकडून घेतलं त्यांच्याच हाती पडलं. मुलींच्या शाळांना कुलूप.

पण या यादीतलं एक नाव आपण पाठच करायला हवं. ग्वाटेमाला. लहानसा देश. जमीन मूठभरांच्या हाती आणि बहुसंख्य माया आदिवासी त्यांच्या मळ्यांवर राबणारे. १९५२ साली तिथल्या निवडून आलेल्या अध्यक्षाने, आर्बेन्झने, कायदा केला : मोठ्या जमीनदारांची पडीक जमीन काढून भूमिहीनांना द्यायची. सुमारे एक लाख कुटुंबांना जमीन मिळाली. सगळ्यांत मोठा जमीनदार होता युनायटेड फ्रूट ही अमेरिकन केळीवाली कंपनी. भरपाई किती, तर कंपनीने कर चुकवायला जमिनीची जी किंमत कागदावर दाखवली होती तेवढी! मला तर हा माणूस आपल्याच चळवळीतला वाटतो. जून १९५४ मध्ये अमेरिकेने त्याला पाडला. जमिनी परत काढून घेतल्या. पुढे १९६० ते १९९६ यादवी चालली. दोन लाखांवर माणसं मेली किंवा नाहीशी झाली आणि ज्यांची ओळख पटली त्यांतले ८३ टक्के माया होते.

आता सांगा, त्या माया शेतमजुराला विचारलं असतं, बाबा, तुझं सरकार पाडू का, तर तो काय म्हणाला असता? त्याला कोणी विचारलं नाही. हा सगळ्या गोष्टीचा गाभा आहे.

आणि आता मी तुम्हांला उलट बाजूने अडवतो. कारण आपण नुसतं अमेरिकेला शिव्या घालून घरी गेलो तर ते फार सोपं होईल.

इथून तासाभरावर पत्रादेवी आहे. १५ ऑगस्ट १९५५ ला बांद्याहून सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले आणि पोर्तुगीजांनी निःशस्त्र माणसांवर गोळ्या घातल्या. माझे आजोबा तेव्हा बांद्याला हमाली करीत. जखमींना उचलायला जी माणसं पुढे झाली त्यांत ते होते. ते सांगायचे, त्या दिवशी कोणी कोणाला जात विचारली नाही. मग थांबून म्हणायचे, दुसऱ्या दिवशी विचारली.

डिसेंबर १९६१ ला भारतीय फौजा गोव्यात गेल्या. एक ब्रिगेड आपल्या दोडामार्गावरूनच शिरली. १९ तारखेला पोर्तुगीज गव्हर्नर शरण आला. चारशे एक्कावन्न वर्षांची सत्ता दोन दिवसांत गेली. तेव्हा सुरक्षा समितीत कोण ओरडलं? अमेरिकेचा अ‍ॅडलाय स्टीव्हन्सन. बळाचा वापर, आक्रमण, जगाची शांतता धोक्यात. सात मतं भारताविरुद्ध पडली, रशियाने नकाराधिकार वापरला म्हणून ठराव पडला. पण हाच स्टीव्हन्सन त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्याच संस्थेत विमानाचा फोटो दाखवून सांगत होता की क्यूबावरच्या हल्ल्यात आमचा हात नाही. हल्ला अमेरिकेनेच शिकवलेल्या चौदाशेएक माणसांकडून करवला होता. तो फसला, आणि फोटोही खोटा निघाला.

त्याचं ढोंग सोडा. प्रश्न आपल्याला आहे. गोव्यात आपणही फौज घालून सत्ता बदलली. मग ते बरोबर कसं? 'आपलं' म्हणून बरोबर, हे उत्तर मी देणार नाही. मी कोणत्याही सरकारच्या बाजूने तोंड बंद करून उभा राहत नाही, दिल्लीच्याही नाही.

मी बघतो ते असं. पहिलं, गोव्यात सत्ता परक्याची होती. साडेचारशे वर्षं बसलेला परका, मत द्यायला नाही, बोलायला नाही. दुसरं, गोव्याच्या माणसांनी स्वतः आधी मार खाल्ला होता. १८ जून १९४६ ला लोहियांच्या सभेपासून लोक तुरुंगात जात होते. तिसरं, नंतर लोकांना विचारलं. डिसेंबर १९६३ ला निवडणूक झाली आणि भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले, भाटकारांच्या घरातले नव्हेत, बहुजनांतले. १६ जानेवारी १९६७ ला जनमत घेतलं, महाराष्ट्रात जायचं का? १,३८,१७० लोक हो म्हणाले, १,७२,१९१ नाही म्हणाले. आपल्या महाराष्ट्राला राग आला, पण गोवा वेगळा राहिला. चौथं, १९६४ ला कूळकायदा झाला, १९७५ ला मुंडकारांना घरातून हाकलण्याविरुद्ध कायदा झाला. म्हणजे बांध थोडा तरी हलला. पुरता हलला म्हणत नाही. तिथल्या आपल्या माणसांना विचारा, ते कायदा आणि अंमल यांतलं अंतर सांगतील. पण हलला.

म्हणून माझी कसोटी ही. कोणीही, कुठंही, कोणाची सत्ता पाडायला निघाला की चार गोष्टी विचारा. बोलावलं कोणी, तळच्या माणसाने की पळून गेलेल्या सरदाराने? पडल्यावर जमीन, तेल, खाण कोणाच्या नावावर चढली? लोकांना मत विचारलं का, आणि विरुद्ध गेलं तर मानलं का? आणि पाडणारा घरी गेला का? या चारही प्रश्नांवर ग्वाटेमाला, इराण, इराक नापास. कंपनी सरकार तर सगळ्यांत आधी नापास.

आता शेवटची गाठ. ती सगळ्यांत अवघड आहे.

काही मंडळी म्हणतात, प्रत्येक देशाचा कारभार ही त्याची अंतर्गत बाब, बाहेरच्याने तोंड घालू नये. ऐकायला छान. पण हे वाक्य आपण फार वेळा ऐकलंय. २००१ साली दरबानला वंशभेदाविरुद्धची जागतिक परिषद भरली. आपली माणसं तिथं जातीचा प्रश्न घेऊन गेली. तेव्हा भारत सरकार म्हणालं, ही आमची अंतर्गत बाब आहे. गावात बहिष्कार पडतो आणि आपण तालुक्याला तक्रार घेऊन जातो तेव्हा पाटील काय म्हणतो? गावचा प्रश्न गावात मिटवा. तेच वाक्य, फक्त इंग्रजीत. तेव्हा 'अंतर्गत बाब' ही ढाल आपण कोणाच्याच हाती देऊ शकत नाही, सद्दामच्याही नाही, इराणच्या मुल्लांच्याही नाही, दिल्लीच्याही नाही.

आपली परंपरा बाहेर बघणाऱ्यांची आहे. जोतिबांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांची मुक्तता करणाऱ्या लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ ला ड्यू बॉइस या काळ्या विचारवंताला पत्र लिहिलं, कारण अमेरिकेतले निग्रो आपलं गाऱ्हाणं संयुक्त राष्ट्रांपुढे नेत होते आणि बाबासाहेबांना त्या अर्जाच्या प्रती हव्या होत्या. १९७२ ला मुंबईच्या झोपडपट्टीतल्या पोरांनी आपल्या संघटनेचं नाव ओकलंडच्या काळ्या पोरांवरून घेतलं. व्हाइट हाउसकडून आपण कधीच काही मागितलं नाही. त्याच्या मागच्या गल्लीत राहणाऱ्याशी हात मिळवला. १९६७ ला महंमद अलीने व्हिएतनामला जायला नकार दिला, किताब आणि पैसा गमावला. तो आपला माणूस.

बाहेरच्याने बोलावं. बघावं. साक्ष द्यावी. जुलमी सरकारला बंदुका विकणं बंद करावं, आपल्या दारात आलेल्या निर्वासिताला आसरा द्यावा. इराणच्या बायकांनी २०२२ ला डोक्यावरचे रुमाल जाळले तेव्हा त्यांच्या नावाने इथं ओरोसमध्ये घोषणा द्यायला कोणाची हरकत आहे? मी देईन. पण त्यांच्या डोक्यावर बॉम्ब टाकून त्यांची सुटका होते म्हणणारा माझा दोस्त नाही. बॉम्बला बुरखा आणि दाढी यांतला फरक कळत नाही.

तर त्या पोराला माझं उत्तर. तो इथंच मागच्या बाकावर बसलाय.

मित्रा, आपण कोरेगावला कंपनीची जयंती करायला जात नाही. साहेबाच्या विजयाशी आपल्याला देणंघेणं नाही. त्याने आपल्याला पंचाहत्तर वर्षांत पलटणीबाहेर काढलं. आपण त्या बावीस नावांपाशी जातो, ज्यांनी सिद्ध केलं की हा माणूस उभा राहू शकतो. आणि पुढचं पान वाचलं म्हणून आपल्याला हेही ठाऊक आहे की दुसऱ्याच्या बंदुकीने पडलेलं राज्य दुसऱ्याच्याच खिशात जातं. बगदादच्या माणसाला हे सांगायचा अधिकार जगात कोणाला असेल तर आपल्याला आहे. आपण ते दोनशे वर्षांपूर्वी भोगलंय.

वरळीत टाळी वाजवली त्याची मला आज लाज वाटत नाही. दबलेल्या माणसाची ती टाळी होती. फक्त आता पुतळा पडताना मी आधी दोर बघतो.

बाहेर अंधार झालाय. कुडाळ, कणकवलीच्या गाड्या निघतील. सभेचे आभार मानण्यापेक्षा एक काम सांगतो. प्रत्येकाने आपल्या वाडीत कोण आखातात आहे, कोण जहाजावर आहे, त्यांची नावं आणि फोन नंबर एका वहीत लिहून पुढच्या बैठकीला आणा. पुढच्या वेळी तिकडे आग लागली तर माझ्या मावशीसारखी एकेकटी बाई रात्रभर जागत बसू नये. जगाच्या राजकारणाचा अभ्यास आपण त्या वहीपासून सुरू करू.

जयभीम.